पदवी एक, भार सामायिक : शेजारी देशांतील संयुक्त पदव्युत्तर शिक्षण

कोणताही पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवावयाचा तर त्यास चार गोष्टी लागतात : जाणकार प्राध्यापक, सुसज्ज प्रयोगशाळा, भरलेले ग्रंथालय आणि पुरेसे विद्यार्थी. मोठ्या देशातील मोठ्या विद्यापीठास या चारही गोष्टी एकाच आवारात मिळू शकतात. परंतु विषय जितका विशेष, तितके त्याचे जाणकार थोडे आणि शिकणारेही थोडे. अशा वेळी विद्यापीठासमोर दोनच मार्ग उरतात. एक तर तो विषय सोडून द्यावयाचा, किंवा शेजाऱ्याशी हात मिळवून तो दोघांनी मिळून शिकवावयाचा.

दुसरा मार्ग ऐकावयास सोपा वाटतो. मात्र शेजारी जर दुसऱ्या राज्यात नव्हे तर दुसऱ्या देशात असेल, तर लगेच प्रश्न उभे राहतात. पदवी कोणी द्यावयाची? शुल्क कोणत्या दराने घ्यावयाचे? विद्यार्थ्याच्या प्रवासाचा आणि निर्वाहाचा भार कोणी उचलावयाचा? आणि आरंभीचे अनुदान संपल्यावर पुढे काय? उत्तर युरोपातील देशांनी आणि फ्रान्स व जर्मनी या एकेकाळच्या वैरी राष्ट्रांनी या प्रश्नांची जी उत्तरे शोधली, ती शिक्षणक्षेत्रातील आणि प्रशासनातील कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखी आहेत.

संयुक्त पदवी म्हणजे काय?

परदेशी जाऊन एखादे सत्र शिकून परत येणे ही विद्यार्थी-देवघेव झाली. संयुक्त अभ्यासक्रम त्याहून वेगळा असतो. त्यात दोन किंवा अधिक विद्यापीठे मिळून एकच अभ्यासक्रम आखतात, प्रवेशाचे निकष एकत्र ठरवितात, आणि विद्यार्थी ठरलेल्या क्रमाने एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जातो. शेवटी सर्व विद्यापीठांच्या नावे एकच प्रमाणपत्र दिले गेले तर ती संयुक्त पदवी. प्रत्येकाने आपापले प्रमाणपत्र दिले तर ती दुहेरी पदवी.

हे शक्य होण्यासाठी मोजमापाचे एकच माप लागते. युरोपात ते श्रेयांकांच्या रूपाने १९८९ मध्ये प्रचारात आले. एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासास ६० श्रेयांक, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासास १२० श्रेयांक, असा हा हिशेब आहे. १९९९ मध्ये बोलोन्या येथे २९ युरोपीय देशांनी जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या करून पदव्यांची रचना एकमेकांशी जुळती करण्याचे ठरविले. निरनिराळ्या गावांचे शेर-पायली बाजूला सारून एकच लिटर आल्यावर जशी देवघेव सुकर होते, तसेच हे झाले. एका देशात मिळविलेले ३० श्रेयांक दुसऱ्या देशात ३० म्हणूनच मोजले जाऊ लागले.

नॉर्डिक देशांची परंपरा

डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे व स्वीडन या पाच देशांस, तसेच फेरो बेटे, ग्रीनलंड व ओलांड या त्यांच्या स्वायत्त प्रदेशांस, एकत्रितपणे नॉर्डिक देश म्हणतात. या देशांच्या संसदसदस्यांची नॉर्डिक परिषद १९५२ मध्ये व शासनांची नॉर्डिक मंत्रिपरिषद १९७१ मध्ये स्थापन झाली. मंत्रिपरिषदेचा निधी सर्व देश मिळून देतात; मात्र प्रत्येकाचा वाटा त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. त्यामुळे स्वीडनसारख्या देशाचा वाटा मोठा असतो, तर आइसलंडचा अगदी लहान. लाभ मात्र वाट्याच्या प्रमाणात मोजून दिला जात नाही.

१९९६ मध्ये या देशांनी उच्च शिक्षणाच्या प्रवेशासंबंधी करार केला. एका नॉर्डिक देशाच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या नॉर्डिक देशात तेथील विद्यार्थ्याच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, हे त्याचे मुख्य सूत्र होय. ज्या देशाचे विद्यार्थी शेजाऱ्याकडे अधिक जातात, त्याने शेजाऱ्यास भरपाई द्यावी, अशीही सोय या सहकार्यात करण्यात आली. शेजारधर्म हा केवळ सदिच्छेवर न सोडता त्यास हिशेबाची जोड देण्यात आली, हे यातील विशेष होय.

या पायावर २००७ मध्ये मंत्रिपरिषदेने संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी अनुदानाची योजना सुरू केली. किमान तीन नॉर्डिक देशांतील तीन उच्च शिक्षणसंस्थांनी एकत्र यावे, विद्यार्थ्याने त्यांपैकी किमान दोन ठिकाणी शिकावे, आणि प्रत्येक संस्थेने ज्या विषयात ती बळकट आहे तो भाग उचलावा, अशी रचना ठरली. निवडलेल्या अभ्यासक्रमास कमाल १५ लाख डॅनिश क्रोनर, म्हणजे आजच्या दराने सुमारे दोन कोटी रुपये, देण्याची तरतूद होती.

तीन उदाहरणे

ही योजना प्रत्यक्षात कशी उतरली, हे तीन अभ्यासक्रमांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण जुन्या नॉर्स भाषेचे व मध्ययुगीन संस्कृतीचे. आइसलंडमधील मध्ययुगीन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आर्नी मॅग्नुसन (१६६३-१७३०) या विद्वानाने जमवून कोपनहेगन येथे ठेवला होता. आइसलंड तेव्हा डॅनिश राजसत्तेखाली होते. १९४४ मध्ये आइसलंड प्रजासत्ताक झाल्यावर ही हस्तलिखिते परत मिळावीत, अशी मागणी जोर धरू लागली. प्रदीर्घ वादानंतर १९७१ मध्ये पहिली दोन हस्तलिखिते बोटीने रेकयाविक बंदरात पोहोचली आणि १९९७ पर्यंत हे हस्तांतरण चालले. संग्रहाचा एक भाग मात्र कोपनहेगन येथेच राहिला. अर्थातच या विषयाचे साहित्य व जाणकार दोन्ही देशांत विभागले गेले. आज आइसलंड, ऑस्लो, आर्हूस व कोपनहेगन ही चार विद्यापीठे हा विषय मिळून शिकवितात. विद्यार्थी पहिले वर्ष रेकयाविकमध्ये राहून भाषा व हस्तलिखितांचे वाचन शिकतो आणि त्यानंतर एखाद्या सहभागी विद्यापीठात जातो. ज्या ठेव्यावरून दोन देशांत तंटा होता, तोच ठेवा आता दोघांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणीत आहे.

दुसरे उदाहरण शीतप्रदेशातील अभियांत्रिकीचे. गोठलेल्या जमिनीवर रस्ता बांधणे, बर्फाच्या दाबात टिकणारे जहाज वा धक्का उभारणे ही कामे सामान्य अभियांत्रिकीच्या पुस्तकात फारशी सापडत नाहीत. डेन्मार्कचे तंत्रविद्यापीठ, फिनलंडचे आल्टो विद्यापीठ आणि नॉर्वेचे विज्ञान व तंत्रविद्यापीठ यांनी हा विषय वाटून घेतला. विद्यार्थी एक वर्ष एका विद्यापीठात व दुसरे वर्ष दुसऱ्यात काढतो. तिघांनी स्वतंत्रपणे पूर्ण विभाग उभारण्यापेक्षा एकमेकांच्या प्रयोगशाळा वापरणे हे उघडच स्वस्त पडते.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फेरो बेटांची लोकसंख्या ५५ हजारांच्या आसपास. ग्रीनलंडचीही सुमारे ५६ हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. फेरो बेटांचे विद्यापीठ १९६५ मध्ये तोर्शाव्हन येथे स्थापन झाले. ग्रीनलंडमधील नूक येथील विद्यापीठाची वाटचाल १९८० च्या दशकात सुरू झाली. इतक्या लहान समाजात एखाद्या विशेष विषयाचा पदव्युत्तर वर्ग भरण्याइतके विद्यार्थी एका वर्षात मिळणे कठीण. तरुण मुले शिक्षणासाठी डेन्मार्कला जातात आणि त्यांतील अनेक परत येत नाहीत, ही या बेटांची जुनी व्यथा आहे. म्हणून फेरो बेटे, ग्रीनलंड, आइसलंडमधील रेकयाविक व अकुरेरी, तसेच उत्तर नॉर्वे येथील विद्यापीठांनी मिळून पश्चिम नॉर्डिक प्रदेशाचा कारभार व साधनसंपत्तीचे व्यवस्थापन या विषयांवर अभ्यासक्रम उभा केला. मासेमारी, खनिजे, पर्यटन, लहान वस्त्यांचा कारभार हे त्यातील विषय आहेत. बेटावरील विद्यार्थ्याने आपल्याच प्रदेशाचे प्रश्न शिकावेत, शेजारच्या बेटाने ते कसे सोडविले हे प्रत्यक्ष पाहावे आणि घरी परतून कामास लागावे, हा त्यामागील विचार होय.

अनावर्ती अनुदान, आवर्ती खर्च

येथे योजनेच्या खऱ्या मर्मस्थानाकडे यावे लागते. मंत्रिपरिषदेचे अनुदान हे अभ्यासक्रम उभा करण्यासाठी व तो आरंभी चालवून पाहण्यासाठी असते. संस्थांच्या बैठका, करारनामे, अभ्यासक्रमाची आखणी, प्रसिद्धी, पहिल्या तुकड्यांची व्यवस्था यांवर ते खर्च होते. प्राध्यापकांचे वेतन, इमारतींची देखभाल, दरवर्षीचे समन्वयाचे काम हा आवर्ती खर्च मात्र विद्यापीठांनी आपल्या नेहमीच्या शासकीय निधीतून भागवावयाचा असतो. विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठीही वेगळी शिष्यवृत्ती नसते. नॉर्डिक देशांचे विद्यार्थी आपल्या देशाचे शैक्षणिक साहाय्य व कर्ज शेजारी देशात घेऊन जाऊ शकतात, यावर योजना विसंबून असते.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. अनेक गावांसाठी मिळून प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना उभी राहते. टाकी, जलवाहिनी, पंपघर यांस अनुदान मिळते. परंतु वीजबिल कोणी भरावयाचे, पंपचालकाचा पगार कोणत्या गावाने किती द्यावयाचा, शेवटच्या टोकाच्या गावास पाणी कमी मिळाले तर त्याचा वाटा कमी करावयाचा काय, हे आरंभीच लेखी ठरले नाही तर योजना असूनही नळ कोरडे राहतात. संयुक्त अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. एखाद्या विद्यापीठाचा उत्साही प्राध्यापक निवृत्त झाला, किंवा नव्या अर्थसंकल्पात त्या विभागाची तरतूद घटली, की साखळीतील एक कडी निखळते आणि उरलेल्या संस्थांनाही अभ्यासक्रम चालविणे अवघड होते. म्हणूनच अर्ज करतानाच संस्थाप्रमुखांची लेखी हमी आणि अनुदान संपल्यानंतरच्या खर्चाची योजना यांस महत्त्व असते.

शुल्काचा तिढा

दुसरी अडचण शुल्काची. नॉर्डिक देशांत पूर्वी सर्वांनाच, परदेशीयांनाही, विद्यापीठाचे शिक्षण विनाशुल्क असे. पुढे युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये शुल्क लागू केले. परिणामी अनेक वर्षे अशी स्थिती राहिली की, एकाच वर्गातील एकाच विद्यार्थ्यास स्वीडनमधील सत्रासाठी मोठी रक्कम भरावी लागे, तर नॉर्वेतील सत्रासाठी काहीच नाही. मग शुल्क प्रत्येक सत्रास वेगळे घ्यावयाचे, की सर्वांची सरासरी काढून एकच ठरवावयाचे? आणि ते एका विद्यापीठाने जमा करून इतरांस वाटावयाचे, तर ज्या देशात शुल्क घेण्यासच कायद्याची मनाई आहे, तेथील विद्यापीठाने ते पैसे कोणत्या शीर्षाखाली जमा करावयाचे? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या अशा लेखाविषयक प्रश्नांवर उत्तम अभ्यासक्रम अडून राहू शकतात.

पदवीच्या प्रमाणपत्राचेही असेच. परदेशी विद्यापीठाच्या नावासह पदवी देण्याची तरतूद प्रत्येक देशाच्या कायद्यात असावी लागते. स्वीडनमध्ये अशी तरतूद २०१० मध्ये झाली. अभ्यासक्रमाची गुणवत्ता प्रत्येक देशाच्या यंत्रणेने पुन्हा पुन्हा तपासावी की एकदाच, हा वादही बराच काळ चालला. अखेर २०१५ मध्ये येरेवान येथे युरोपीय शिक्षणमंत्र्यांनी संयुक्त अभ्यासक्रमांच्या तपासणीसाठी एकच सामायिक पद्धत मान्य केली.

फ्रान्स व जर्मनी : निम्मा-निम्मा वाटा

नॉर्डिक देशांत परस्परांविषयी विश्वास आधीपासूनच होता. फ्रान्स व जर्मनी यांची गोष्ट वेगळी. १८७० ते १९४५ या काळात या दोन राष्ट्रांत तीन वेळा युद्ध झाले. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आदेनौर यांनी एलिझे येथे मैत्रीचा करार केला. त्यात परराष्ट्रधोरण व संरक्षण यांच्याबरोबरच तरुणांचे शिक्षण, परस्परांच्या भाषांचा अभ्यास आणि पदव्यांची समकक्षता यांसही स्थान देण्यात आले होते.

या धोरणाची पुढची पायरी म्हणजे १९ सप्टेंबर १९९७ रोजी वायमार येथे झालेला करार. त्याने फ्रेंच-जर्मन विद्यापीठाची स्थापना झाली व १९९९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. या विद्यापीठास स्वतःचे वर्ग नाहीत, वसतिगृहे नाहीत. सारब्रुकेन या सीमेलगतच्या शहरात त्याचे कार्यालय आहे आणि दोन्ही देशांतील शिक्षणसंस्थांचे जाळे हेच त्याचे आवार होय. हे शहर ज्या सार प्रांतात आहे, तो दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या अधिपत्याखाली होता आणि १९५५ च्या सार्वमतानंतर १ जानेवारी १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत सामील झाला. एकेकाळच्या वादाच्या भूमीवरच सहकार्याचे कार्यालय थाटण्यात आले.

या संस्थेचा खर्च दोन्ही देशांची शासने निम्मा-निम्मा उचलतात. तिचे साहाय्य दोन प्रकारचे असते. एक, अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थांना समन्वय, भाषाशिक्षण इत्यादींसाठी अनुदान. आणि दोन, परदेशातील वास्तव्याच्या काळात विद्यार्थ्यास दरमहा प्रवास-निर्वाह साहाय्य. विद्यार्थी दोन्ही देशांत साधारण सारखाच काळ घालवितो, दोन्ही भाषांत शिकतो आणि त्यास दोन्ही देशांच्या पदव्या मिळतात. हे अनुदान एकदाच मिळून संपत नाही. ठराविक मुदतीनंतर कामाचे मूल्यमापन होऊन ते पुढे चालू राहते. आवर्ती खर्चास आवर्ती निधीची जोड हे या व्यवस्थेचे बलस्थान होय. आज या जाळ्यात सुमारे दोनशे संस्था असून विद्यार्थ्यांची संख्या हजारोंनी मोजली जाते.

युरोपीय संघाची योजना आणि भारतीय विद्यार्थी

तिसरा मार्ग युरोपीय संघाने २००४ पासून अवलंबिला. ‘इरॅस्मस मुंडुस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत किमान तीन देशांतील तीन संस्था एकत्र येतात आणि जगातील कोणत्याही देशाचा पदवीधर अर्ज करू शकतो. २०२१ ते २०२७ या कालखंडासाठी निवड झालेल्या विद्यार्थ्यास दरमहा १,४०० युरो शिष्यवृत्ती कमाल २४ महिने देण्याची तरतूद आहे. अशा विद्यार्थ्याकडून शुल्क घेता येत नाही. संस्थांच्या खर्चासाठी प्रति विद्यार्थी दरमहा ७५० युरो वेगळे दिले जातात.

ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सातत्याने मोठी राहिली आहे. तथापि एका अभ्यासक्रमातील एकूण शिष्यवृत्त्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक एकाच देशाच्या विद्यार्थ्यांना देऊ नयेत, असा नियम आहे. त्यामुळे अर्ज करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याची स्पर्धा प्रामुख्याने आपल्याच देशातील विद्यार्थ्यांशी असते. म्हणून प्रसिद्ध विषयांबरोबरच मृदाशास्त्र, जलव्यवस्थापन, मत्स्यव्यवसाय, ग्रामीण विकास अशा विषयांतील अभ्यासक्रमांकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे उपयुक्त ठरेल. महाविद्यालयातील शिक्षकांनी अंतिम वर्षाच्या आरंभीच ही माहिती दिल्यास अर्जाची मुदत टळणार नाही.

आपल्याकडील स्थिती

दक्षिण आशियात या दिशेने झालेला प्रयत्न म्हणजे दक्षिण आशियाई विद्यापीठ. सार्कच्या २००७ मधील नवी दिल्ली परिषदेत आठ देशांनी त्यासंबंधी करार केला आणि २०१० मध्ये नवी दिल्ली येथे अध्यापन सुरू झाले. येथे विद्यार्थी देशोदेशी फिरत नाहीत. आठही देशांचे विद्यार्थी एकाच आवारात येतात व पदवीस सर्व सदस्यदेशांची मान्यता असते. उभारणीचा भांडवली खर्च भारताने उचलला आणि चालू खर्चात सर्व देशांचा वाटा ठरविण्यात आला. मात्र २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही. शेजाऱ्यांचे राजकीय संबंध ताणले गेले की सामायिक संस्थेची वाटही बिकट होते, हे यावरून दिसते.

देशांतर्गत नियमांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या जुळ्या, संयुक्त व दुहेरी पदवी अभ्यासक्रमांसंबंधी विनियम जारी केले. त्यांनुसार संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. मूल्यांकनात ठराविक दर्जा मिळविलेल्या भारतीय संस्थांना असे सहकार्य करता येते. पदवीच्या वैधतेचा मार्ग यामुळे मोकळा झाला. परंतु विनियमांसोबत स्वतंत्र निधी जोडलेला नाही. म्हणजे खर्चाचा प्रश्न संस्थांनी आणि विद्यार्थ्यांच्या पालकांनीच सोडवावयाचा आहे. असे अभ्यासक्रम केवळ ऐपतदार घरांतील मुलांपुरते राहू नयेत, तर निधीचा विचार अभ्यासक्रमाच्या आखणीबरोबरच व्हावयास हवा.

सारांश

या सर्व अनुभवांतून काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, सहकार्य विषयाच्या खऱ्या गरजेतून जन्मावे. हस्तलिखिते दोन शहरांत आहेत म्हणून दोन विद्यापीठे एकत्र आली, केवळ करार करावयाचा म्हणून नव्हे. दुसरी, वर्गणी ऐपतीप्रमाणे आणि लाभ गरजेप्रमाणे, हे सूत्र लहान भागीदारास टिकवून धरते. तिसरी, आरंभीचे अनुदान हे बियाणे आहे. पीक हाती यावयाचे तर पाणी, खत आणि राखण यांची तरतूद पेरणीपूर्वीच झाली पाहिजे. आणि चौथी, विद्यार्थ्याच्या निर्वाहाची सोय नसेल तर उत्तम अभ्यासक्रमाचे दारही गरीब विद्यार्थ्यास बंदच राहते.

पंचावन्न हजार वस्तीच्या बेटांनी आपल्या मुलांना परक्या महानगराखेरीज दुसरी वाट मिळावी म्हणून शेजाऱ्यांशी भागीदारी केली. तीन युद्धे लढलेल्या दोन राष्ट्रांनी शिक्षणाचा खर्च समान वाटून घेतला. साधनांची कमतरता हे शिक्षण थांबविण्याचे कारण न ठरता एकत्र येण्याचे निमित्त ठरू शकते, याची ही उदाहरणे आहेत. दोन देशांतील विद्यापीठांना जे साधले, ते दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांना आणि दोन गावांतील शाळांनाही साधण्यासारखे आहे. प्रयोगशाळा एकीची, ग्रंथालय दुसरीचे आणि विद्यार्थी दोघींचे, असा हिशेब आधी लेखी मांडला म्हणजे झाले.